जमा केलेली बंदूक

दिवाळीला आम्ही मामांकडे जातो, हा आमच्या घरातला तीस वर्षांचा नेम आहे. भंडारा मागे टाकून साकोलीच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात. हलके धान कापून पडलेले, भारी धान अजून उभे, मध्येच एखाद्या बोडीचे चकाकते पाणी आणि पलीकडे सागाचे रान. गावात शिरताना पहिल्याने दिसतो तो तलाव. मालगुजारीच्या काळातल्या अशा तलावांना या भागात सगळेच 'मामा तलाव' म्हणतात. माझी मुलगी लहान असताना तो तलाव आपल्या मामाआजोबांच्या मालकीचा आहे, अशी तिची ठाम समजूत होती; आणि मामांनीही ती कधी दुरुस्त केली नाही.

मामांचे वय आज त्र्याऐंशी. एके काळी या पंचक्रोशीतले नावाजलेले शिकारी. त्यांच्या ओसरीवरच्या भिंतीत दोन खुंट्या आहेत आणि त्या खुंट्यांवर त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली दुनळी बाराबोर पाहुणे आले की मोठ्या कौतुकाने टांगली जाई. एरवी ती कुलपात असे. २०२४ च्या दिवाळीत आम्ही गेलो, तेव्हा खुंट्या रिकाम्या होत्या.

"बंदूक कुठे, मामा?" मी सहज विचारले.

"ठाण्यात जमा आहे," ते म्हणाले, आणि उठून मागच्या दारी निघून गेले.

त्या वर्षी फराळाच्या ताटावर मामा फारसे बोलले नाहीत. काय झाले होते ते रात्री मामींनी सांगितले.

एप्रिल महिन्यात लोकसभेची निवडणूक होती. निवडणूक आली की परवान्याची हत्यारे ठाण्यात नेऊन द्यायची, हा जुना रिवाज. मामांनी कोणी सांगायची वाट न पाहता ती नेऊन दिली. जूनमध्ये निकाल लागले. बंदूक परत आणायला हवी होती; पण रोवणीचे दिवस होते, मामांचे गुडघे दुखत होते, आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक येणारच होती. "आणायची आणि पुन्हा नेऊन द्यायची, कशाला तो हेलपाटा?" असे म्हणून त्यांनी ती तिथेच राहू दिली.

आता त्या बंदुकीचे गावात काम तरी काय होते? शिकार तर केव्हाच बंद झालेली. काम एवढेच, की धान निसवले आणि रानडुकरांचे कळप बांध्यांत उतरू लागले, की शेजारपाजारचे कास्तकार मामांच्या दारी यायचे. "पाटील, आज डुकरं आली जी." मामा कोणाला तरी बरोबर घेऊन जायचे आणि हवेत एक बार काढायचे. डुकराला इजा नाही, काही नाही, नुसता आवाज. दोन-चार रात्री कळप तिकडे फिरकत नसे. तेवढ्यात धान घरात येई.

२०२४ च्या ऑक्टोबरात हा बार झाला नाही. एका कास्तकाराने तीन रात्री जागल केली, डबे वाजवले, फटाके उडवले, आणि चौथ्या रात्री विजेच्या तारेवर आकडा टाकून बांधीभोवती उघडी तार ओढली. पहाटे शेजारचा बावीस वर्षांचा मुलगा आपल्या शेतातले पाणी पाहायला त्याच धुऱ्याने निघाला. तो परत आला नाही. तार लावणारा आज जामिनावर आहे. दोन्ही घरे एकाच गल्लीत आहेत. एकाच विहिरीवर दोन्ही घरच्या बायका पाणी भरतात आणि एकमेकींकडे बघत नाहीत.

"त्यांना वाटतं, आपण बंदूक आणली असती तर पोरगा वाचला असता," मामी म्हणाल्या. "खरं आहे की खोटं, देव जाणे. पण त्यांच्या मनातून ते जात नाही."

आमचा काय संबंध?

माझी मुलगी नागपुरात कॉलेजात शिकते आणि एअर रायफलचा सराव करते. परतीच्या गाडीत मी बंदुकांच्या कायद्याविषयी काही बोलू लागलो, तशी ती म्हणाली, "बाबा, हा शिकाऱ्यांचा नि शेतकऱ्यांचा प्रश्न. आम्ही कागदावर छिद्रं पाडतो. आमचा काय संबंध?"

तिचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. मी काही कायदेपंडित नाही. पेन्शन घेणारा साधा माणूस. पण हिवाळाभर वाचनालयात बसून मी हा विषय वाचून काढला, आणि जसजसा वाचत गेलो तसतसे मला वाटू लागले, की जुना शिकारी, दोन एकरांचा कास्तकार आणि पदकाची स्वप्ने पाहणारी माझी मुलगी या तिघांची नावे एकाच वहीत लिहिलेली आहेत. फक्त तिघांनाही ती वही कधी उघडून पाहावीशी वाटलेली नाही.

हक्क मागणारे आणि नाकारणारे

ही वही उघडते १८७८ साली. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना, आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट. सत्तावनचे बंड होऊन वीस वर्षे लोटली होती. पण राज्यकर्त्यांची भीती ओसरली नव्हती. हा कायदा आपल्या पुढाऱ्यांना फार बोचला. काँग्रेसच्या अगदी आरंभीच्या अधिवेशनांतच त्याच्याविरुद्ध ठराव झाले. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही १९१८ मध्ये या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती. हत्यार न वापरणे हा माणसाचा स्वतःचा निर्णय असावा, तो सरकारने लादलेला नसावा, असा त्यातला भाव.

आपल्या बाजूच्या लोकांना एक गोष्ट विशेष ठाऊक असायला हवी. १९२७ साली नागपुरात मंचरशा आवारी यांनी या कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. लोक त्यांना 'जनरल आवारी' म्हणत. स्वयंसेवक उघडपणे हत्यारे घेऊन रस्त्यावर निघत आणि अटक करून घेत. हत्यार हातात आणि लढा सत्याग्रहाचा, हे गांधीजींना पटले नाही. त्यांनी त्याला संमती दिली नाही. आवारींना तुरुंगवास भोगावा लागला. मिठाच्या सत्याग्रहाच्या तीन वर्षे आधी आपल्या नागपुरात बंदुकीच्या परवान्यासाठी माणसे तुरुंगात गेली, हे आज नागपुरातल्या किती घरांत माहीत असेल?

१९३१ मध्ये कराचीच्या काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्या यादीत, नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही होता. मग स्वराज्य आले आणि घटना लिहिली जाऊ लागली. डिसेंबर १९४८ च्या पहिल्याच दिवसांत घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी उपसूचना मांडली, की कराचीचे वचन पाळा आणि हा हक्क घटनेत घाला. कामत हे मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून गेलेले सभासद. आणि आपला भंडारा जिल्हा त्या वेळी त्याच प्रांतात होता.

त्यांना उत्तर दिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ज्याला वाटेल त्याने बाजारात जावे आणि वाटेल ते हत्यार विकत आणावे, अशी मोकळीक हक्क म्हणून दिली तर राज्य चालवायचे कसे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. उपसूचना पडली. पुढे १९५४ मध्ये बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक याच भंडाऱ्यातून लढवली, आणि आपल्या लोकांनी त्यांना पाडले. तो इतिहास वेगळा. पण बंदुकीच्या बाबतीत देशाचा निकाल लागला तो असा: अमेरिकेत १७९१ पासून जो घटनेतला हक्क आहे, तो आपल्याकडे हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये हा फरक पुन्हा एकदा बोलून दाखवला.

मला विचाराल, तर बाबासाहेबांचे म्हणणे मला पटते. अमेरिकेतल्या शाळांमधून काय घडते ते आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. पण हक्क नाही म्हणजे केवळ मेहेरबानी आहे काय? इथेच आपली चूक होते.

परवाना म्हणजे मेहेरबानी नव्हे

इंग्रजांचा कायदा जाऊन आपला हत्यार कायदा १९५९ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. त्याची तेरा आणि चौदा ही दोन कलमे मी तीनदा वाचली, कारण पहिल्या वाचनात माझा विश्वास बसेना.

तेरावे कलम सांगते, की स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी नागरिकाला साध्या नळीची, निदान वीस इंच नळीची बंदूक हवी असेल, किंवा पिकाच्या राखणीसाठी खरोखरच ठासणीची बंदूक हवी असेल, तर नकाराचे कायदेशीर कारण नसताना अधिकाऱ्याने परवाना द्यायचा आहे. 'वाटल्यास द्यावा' असे नव्हे, 'द्यायचा'. ठासणीची, म्हणजे आपल्याकडे जिला भरमार म्हणतात ती, राखणीला पुरेशी नाही असे दिसले तर दुसरी साध्या नळीची बंदूकही देता येते. चौदावे कलम नकाराची कारणे मोजून सांगते. सार्वजनिक शांततेला धोका, अर्जदाराची मानसिक स्थिती, कायद्याने आलेली अपात्रता, ही ती कारणे. आणि त्याच कलमात हेही लिहिले आहे, की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नकार दिला तर कारणे लिहून ठेवायची. आणि त्या नकारावर अपील करता येते.

हे मी मामांच्या शेजारच्या एका कास्तकाराला फोनवर सांगितले, तेव्हा तो हसला. "आमच्यासारख्याले कोन देते जी परवाना? बंदूक म्हंजे पाटलाचं काम." त्याने कधी अर्ज केलाच नव्हता. त्याच्या बापानेही नाही. कोणी नाही म्हटले नव्हते. यांनीच विचारले नव्हते.

अर्थात दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपला भाग रानाचा. नागझिरा अभयारण्य १९७० चे, नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ चे. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा ती राने तिकडे गेली. पण भंडाऱ्याच्या बाजूला २०१३ मध्ये कोका अभयारण्य झाले आणि पवनीकडे २०१२ चे उमरेड-कऱ्हांडला आहे. वन्यजीव कायद्याचे चौतिसावे कलम म्हणते, की अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव वन खात्याकडे नोंदवले पाहिजे, आणि तेवढ्या टापूत नवा परवाना द्यायचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती हवी. ही अट योग्यच आहे. नाही तर राखणीच्या बंदुकीने चितळ पडायला वेळ लागत नाही.

आणि परवाना मिळाला म्हणजे डुकराला गोळी घालता आली असेही नाही. त्यासाठी वन खात्याची निराळी परवानगी लागते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी तशी पद्धत ठरवून दिली. ती परवानगी न घेता जनावर मारले, तर तो गुन्हाच.

मग तार का लावली जाते? कारण तारेला अर्ज लागत नाही. ती शेजाऱ्याला ओळखत नाही, बैलाला ओळखत नाही आणि वाघालाही ओळखत नाही. नागझिऱ्याच्या रानात वाढलेला 'जय' हा वाघ सगळ्या देशाला माहीत झाला. त्याचाच बछडा 'श्रीनिवास' २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडच्या बाजूला शेताच्या कुंपणातल्या विजेने मेला. बंदुकीला नंबर असतो, मालक असतो, वहीत नोंद असते. ती चालली तर कोणी चालवली हे विचारता येते. उघड्या तारेला नंबर नसतो.

जो बोलतो, त्याची गणना होते

आता माझ्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो.

कायद्यात १९८३ पासून एका माणसाला तीन बंदुकांची मर्यादा होती. २०१९ च्या नोव्हेंबरात सरकारने दुरुस्तीचे विधेयक आणले. पहिल्या मसुद्यात तीनाची मर्यादा एकावर आणली होती. खासदारांकडून आक्षेप आले, आणि डिसेंबरात कायदा पास झाला तेव्हा एकाच्या दोन झाल्या. ज्यांच्याकडे दोनाहून अधिक होत्या, त्यांना जादा बंदूक वर्षभरात जमा करावी लागली. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच झाली.

नेमबाजांचे काय झाले? मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाला निशाणाच्या सरावासाठी वापरायच्या पॉइंट टू-टू रायफलीपुरती आणि एअर रायफलीपुरती या मर्यादेतून सूट कायद्यात आधीपासूनच होती, ती राहिली. शिवाय फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने नामवंत नेमबाजांना अधिक बंदुका आणि अधिक काडतुसे ठेवण्याची मुभा दिली. हे आपोआप झाले नाही. नेमबाजांची संघटना आहे, ती दिल्लीत जाऊन बोलू शकते. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात गेलेला, धोतर नेसणारा हा मराठी गृहस्थ रायफल संघटनेचा संस्थापक! त्यांच्या नावाने नेमबाजीच्या स्पर्धा आजही भरतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जागतिक विजेत्या झाल्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचे ब्राँझ आणले. त्यांच्या रायफलीमागे सरावाचे श्रम तर आहेतच, पण कायद्यात राखून ठेवलेली एक ओळही आहे. ती ओळ कोणीतरी मागून घेतली, म्हणून ती आहे.

बाहेर बघा. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडव लोकांना आणि जम्मा जमिनीच्या धारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. त्यांनी ती राखली. सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवून दिली आणि उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती मान्य केली. केरळात रानडुकरांचा उपद्रव वाढला तेव्हा लोकांनी इतका लकडा लावला, की २०२२ मध्ये सरकारने पंचायतींच्या अध्यक्षांना डुक्कर मारण्याचा हुकूम देण्याचा अधिकार दिला. आणि गोळी झाडायची ती परवानाधारक बंदूकवाल्याने. म्हणजे तिथे गावचा जुना शिकारी पंचायतीच्या उपयोगी पडतो. आपल्या झाडीपट्टीतला शिकारी ओसरीवर बसून जुन्या गोष्टी सांगतो, आणि कास्तकार तार ओढतो.

मामांना मी हे सारे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शिकार बंद झाली तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नाही, असं आम्ही फार वर्षं म्हणत आलो. पण विचारावं असं आम्ही वागलो होतो का रे? जीप काढायची, रात्री दिवा मारायचा, समोर डोळे चमकले की बार. नर की मादी, पाहायचं नाही. सत्तर साली वाघ बंद झाला, बहात्तरला कायदा आला, आणि एक्क्याण्णवला सगळंच संपलं. आम्ही स्वतःला आवर घातला असता, तर आमच्या शब्दाला वजन राहिलं असतं."

मामांचे हे बोलणे मला साऱ्या कलमांहून महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांविषयी आपण काहीही म्हणू. पण १९३७ पासून तिथे बंदुकांवर आणि काडतुसांवर एक कर आहे आणि तो पैसा वन्यप्राण्यांच्या रक्षणाकडे जातो. बंदूकवाला तिथे मागतो, तसे देतोही. उलट उदाहरण ब्रिटनचे. १९९६ मध्ये स्कॉटलंडातल्या डनब्लेन गावी परवान्याची पिस्तुले बाळगणाऱ्या एका माणसाने शाळेत शिरून सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका यांना ठार केले. पुढच्याच वर्षी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली, आणि ज्यांनी कोणाला कधी दुखवले नव्हते अशा नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागले. त्या आयांपुढे कोणता नेमबाज तोंड उघडणार होता? एकाच्या हातून घडलेल्या पापाची किंमत सगळे परवानाधारक मोजतात. म्हणून आपल्या शेजारच्या परवानाधारकाने बंदूक कशी ठेवली आहे, हा आपलाही प्रश्न असतो. लग्नाच्या वरातीत हौसेने बार काढणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठरवल्या आहेत. खऱ्या नेमबाजाने या तरतुदीचे स्वागतच केले पाहिजे.

घरोघरच्या कपाटांसाठी

शहरातल्या पुष्कळ घरांत अजून आजोबांची एखादी बंदूक असते. नातवंडांना तिचा अभिमान असतो आणि कागदपत्रांचा पत्ता नसतो. त्यांच्यासाठी तीन गोष्टी लिहून ठेवतो.

पहिली, परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नसतो. परवानाधारक वारला की बंदूक आपोआप मुलाची होत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे मृत्यूनंतर वारसाला परवाना मागता येतोच. शिवाय परवानाधारकाला सत्तर वर्षे झाली किंवा त्याने ती बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, की हयातीतही वारसाच्या नावे अर्ज करता येतो. मात्र वारशानेसुद्धा दोनांची मर्यादा ओलांडता येत नाही.

दुसरी, निवडणुकीची. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात सांगितले, की सगळ्यांची हत्यारे सरसकट जमा करून घ्यायची नाहीत; समितीने एकेकाचा विचार करून ठरवावे. तेव्हा ज्याला खरी गरज आहे त्याने तसा अर्ज द्यावा. आणि जमा केली असेल तर निवडणूक आटोपताच परत आणावी.

तिसरी, बंदूक कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. घरात कोणाचे मन थाऱ्यावर नसेल, तर बंदूक घरात ठेवूच नये. ती जमा करावी. हा भित्रेपणा नव्हे. दारूच्या भुकटीची किंमत भंडाऱ्याला कोणी शिकवायला नको. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत देशाच्या तोफाबंदुकांची दारू तयार होते, आणि २४ जानेवारी २०२५ ला तिथे झालेल्या स्फोटात कामगारांचे बळी गेले तेव्हा साऱ्या जिल्ह्याने ते दुःख सोसले आहे.

या जुलैत मी, माझी मुलगी आणि मामा बंदूक आणायला ठाण्यात गेलो. पावती मामांच्या पाकिटात देवाच्या फोटोमागे घडी करून ठेवलेली होती. जमादारांनी नंबर पडताळला, मामांनी सही केली. काठीवर भार देऊन त्यांनी दुनळी उघडली, नळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या आणि म्हणाले, "गंज चढला."

घरी आल्यावर मुलीने ओसरीवर बसून ती पुसली. क्लबात शिकल्याप्रमाणे नळी कोणाकडे वळू न देता, एका शब्दानेही न बोलता ती काम करत होती. मामा तिच्या हातांकडे पाहत होते. मग म्हणाले, "पोरी, तुझं निशाण कागदावरचं. बरं आहे. पण तुझे ते क्लबवाले दिल्लीला जातात ना बोलायला? आमचं पण एक वाक्य घेऊन जा म्हणावं."

संध्याकाळी तो शेजारचा कास्तकार आला. बरोबर सातबारा आणि आधारकार्ड होते. मी कलमे सांगत गेलो आणि मुलीने त्याचा अर्ज लिहिला: पिकाच्या राखणीसाठी एक ठासणीची बंदूक, कलम तेरा. त्याने सही केली आणि विचारले, "मालमत्ता किती लिवली जी?"

"दोन एकर," ती म्हणाली. "आहे तेवढीच लिहिली. त्यानं काही अडत नाही."

तो अर्ज गेला आहे. पोलिसांची चौकशी व्हायची आहे, वन खात्याचे मत यायचे आहे. मिळेल किंवा कारण देऊन नाकारलाही जाईल. मग अपील करू. हे लिहीत असताना बांध्यांत धान निसवले आहे. परवा मामींचा फोन होता. चार रात्रींपूर्वी डुकरे आली होती. मामांना आता चालवत नाही; खुर्ची अंगणात ठेवून, परसातल्या मोकळ्या बाजूने त्यांनी हवेत एक बार काढला.

तो आवाज त्या गल्लीतल्या दोन्ही घरांनी ऐकला असेल.